ओव्याची धुरी

पनवेल,
१० नोव्हेंबर २०२४

चि. विद्याधरास,
अ. उ. आ. पन्नाशी झालेल्या माणसाला 'चिरंजीव' लिहिताना पेन जरा अडखळतं, पण मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे आणि ते या जन्मात काही बदलायचं नाही.

भाऊबीजेला तू आला नाहीस. फोन केलास, तो पावला. पण तुझा फोन म्हणजे तू 'हं' म्हणतोस, मागे तुझ्या दवाखान्यात कुठलं तरी मूल रडत असतं, मग तू 'ताई, नंतर करतो' म्हणतोस आणि ते नंतर येत नाही. मेळघाटातल्या मुलांनी जरा वेळ गप्प बसावं असं मला मोठ्या आत्याच्या नात्याने वाटतं. म्हणून पत्र. बाबांनी रविवारी पत्रं लिहायची सवय लावली, ती एक टिकली. पहाटे उठण्याची तुला तर लागलीच नव्हती.

इराकडे पुण्याला पंधरा दिवस राहून आले. माझा नातू तीन महिन्यांचा झाला आणि दिसायला थेट तुझ्यासारखा आहे. मी हे तिला सांगितलेलं नाही. आईची शेगडी मी इथून पिशवीत घालून नेली होती. तीच, लोखंडी, तीन पायांची, जिच्यावर तुला-मला धुरी मिळाली. ओवा, बाळंतशोपा, वेखंड, गुग्गुळ, लसणीची सालं, सगळं निवडून पुड्या बांधल्या होत्या. इराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाच्या खोलीत धूर नको. मी त्यांना सांगितलं की आपल्या जुन्या वैद्यांनी धूपनाची महती पानंच्या पानं गायली आहे. त्यांनी फार गोड हसून मान हलवली आणि इराने शेगडी गॅलरीत नेऊन ठेवली. परतीच्या बसमध्ये ती माझ्या मांडीवर होती. कंडक्टरने विचारलं, मावशी, काय भाजायला नेताय?

पण शेगडीचं नशीब उघडलं. आपल्याकडे कामाला येते ती रूपा तुला आठवत असेल, मागल्या खेपेला तुझ्या चहात साखर समजून मीठ घालणारी. पळस्प्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला तिची कातकरवाडी. तिला दिवस भरायच्या आत, आठव्यातच मुलगी झाली. एक किलो नऊशे ग्रॅम. दहा दिवस सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, आता घरी आली. मी अठरा नावांची यादी करून दिली होती, अर्थासकट. रूपाने ती घडी घालून देवाजवळ ठेवली आणि मुलीचं नाव ठेवलं परी.

घर म्हणजे पत्र्याची एक खोली. नवरा भरत उलव्याला इमारतींच्या कामावर जातो. पण गॅस आलाय आणि चूल अंगणात गेली आहे, माझ्या दोन वर्षांच्या पाठपुराव्याचं हे फळ. तेव्हा धुराचा प्रश्न मिटला. शेगडी आणि पुड्या मी तिला नेऊन दिल्या, स्वतः धुरी देऊन दाखवली. सकाळ-संध्याकाळ, अंघोळीनंतर, दार लावून, दाराखालच्या फटीत गोणपाट घालून, म्हणजे वारा लागायचा नाही. रूपाची आई मंगळी कोपऱ्यात बसून बघत होती. म्हणाली, आमच्यात एवढं कोन करतो, बाई, ही तर बामनाची पोर झाली. मी फार सुखावले, कबूल करते.

तुझ्या शास्त्रात अशा चिमुकल्या बाळासाठी आणखी काही सांगितलं असेल तर कळव. सोप्या मराठीत.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून चार ओळींचं खत घालत जावं.
तुझी,
ताई


धारणी,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. रडणाऱ्या मुलांना तुझा निरोप सांगितला, त्यांनी तो जुमानला नाही.

परीसाठी सांगतो. आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून तिला जितका वेळ ठेवता येईल तितका ठेवायचं. वरचं दूध, मध, घुटी, काहीही नाही, फक्त अंगावरचं. दीड महिन्याची झाली की लस. आणि एक गोष्ट मंगळीला शिकव, कारण घरात तीच रिकामी असते: बाळ शांत झोपलेलं असताना पोटाकडे बघून मिनिटभर श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, की कुणाची वाट न बघता दवाखाना. हे मी इथे इतक्या आज्यांना शिकवलंय की आता त्याच मला शिकवतात.

शेगडीला माझा नमस्कार सांग. तुझ्या पत्रातून मला ओव्याचा आणि लसणीच्या सालांचा वास आला. आई मला त्या धुरावर आडवा धरायची आणि मी खोकायचो, मग ती म्हणायची, बघा कसा कफ सुटतोय. त्या वासाने आजही मला झोप येते.

भावजी गेल्यापासून तू शाळा सुटल्यावर एकटी असतेस, तेव्हा वाडीवरचं येणंजाणं बरंच आहे. मात्र अठरा नावांची यादी कुणाला देत जाऊ नकोस.

माया आहे तशीच ठेवावी, टोमणे थोडे कमी चालतील.
तुझा,
विद्याधर


पनवेल,
८ डिसेंबर २०२४

चि. विद्याधरास,
अ. उ. आ. परी अडीच किलोची झाली. हे वाक्य मी आधी लिहिते, कारण बाकीचं पत्र कुरकुरीचं आहे.

मंगळीला श्वास मोजायला बसवलं. तिला वीसच्या पुढे मोजता येत नाही, म्हणून ती वीस झाले की एक चिंचोका बाजूला ठेवते. तीन चिंचोके झाले तर पळायचं, असं ठरलं. पण मिनिट कसं कळायचं? घरात घड्याळ नाही, मोबाइल भरतबरोबर उलव्याला. मग तिने स्वतःच्या अंदाजाचं मिनिट धरलं आहे. मी माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं तर तिचं मिनिट कधी अर्ध्यात संपतं, कधी दीडपट चालतं. पुढच्या खेपेला एखादं घड्याळ नेईन.

परीचं नाक चार दिवस घरघरतंय. लसीचा बुधवार होता, पण सर्दी असताना कशाला टोचायचं म्हणून मंगळी नको म्हणाली, मलाही ते पटलं. पुढच्या बुधवारी नेतील. या दिवसांत डोंगरावरून गार वारा येतो आणि पत्रा असा निवतो की हात लावला तर चटका बसावा. मी रूपाला म्हटलं, धुरी दोनदा देतेस ती तीनदा दे. कोळसे आणि ओवा मीच पाठवते आहे. खोलीत शिरलं की आपल्या लहानपणात शिरल्यासारखं होतं. डोळे चुरचुरतात, पण तेही लहानपणीसारखंच.

रूपाची धाकटी बहीण रोशनी, तिलाही दिवस आहेत, मार्चमध्ये. ती मोठ्या पोटाने धुरीच्या वेळी येऊन बसते आणि शिकते.

तू मफलर वापरतोस का? वापरत नसशील तर तसं कळवू नकोस, मला खोटं चालेल.
लोभाची ऊब असू द्यावी.
ताई


पनवेल,
१८ डिसेंबर २०२४

चि. विद्याधरास,
अ. आ. पंधरा तारखेला तुझा फोन आला. माझं पत्र वाचता वाचताच केलास हे आवाजावरून कळलं. तू एकदम म्हणालास, ताई, लगेच दवाखान्यात ने तिला. आणि मी म्हटलं, परी परवा गेली. त्या दिवशी तुझ्या मागे कुणी रडत नव्हतं.

कसं झालं ते लिहिते. तेरा तारखेला सकाळपासून ती अंगावर ओढेना. मंगळीने तीन चिंचोके मोजले, पण आपलंच मिनिट चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले, आणि पुन्हा. तीन चिंचोक्यांचे सहा झाले तेव्हा रूपा तिला पदरात गुंडाळून चालत पळस्प्याच्या नाक्यावर आली. नाक्यावर कंटेनरांची रांग अडकली होती. रिक्षा तिथे पाऊण तास उभी होती. रूपा म्हणते, निम्मा वेळ ती माझ्याकडं बघत व्हती. दवाखान्यात नळी लावली, धावपळ केली. दुपारी तीनला संपलं. न्यूमोनिया. चोपन्न दिवस.

ओढ्याकाठी पुरलं. भरत उलव्याहून आला तोवर झालं होतं. त्याच्या केसांत सिमेंट होतं, तसाच तो ओढ्याशी जाऊन बसला.

काल मी रूपाकडे असताना आरोग्य खात्याची आशाताई आली, माधुरी, चुणचुणीत मुलगी आहे. मूल गेलं की एक अहवाल भरायचा असतो. तिच्या उजव्या हाताला प्लास्टर, म्हणून ती विचारत गेली आणि मी लिहीत गेले. जन्माचं वजन. दिवस भरले होते का. लस. अंगावरचं दूध. एका खोलीत माणसं किती. स्वयंपाक कशावर: गॅस. घरात धूर: माधुरी म्हणाली, गॅस हाय म्हणजे नाय, लिहा. मी लिहिलं, 'नाही'. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. माधुरी म्हणाली, छापल्यासारखं आलं, बाई.

आता मला सांग, अशी मुलं का जातात? डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं नको. शिकाऊ डॉक्टरांना सांगत असशील तसं सांग.

तुझी,
ताई


धारणी,
२७ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

शिकाऊ डॉक्टरांना मी असं सांगतो. वेळेआधी जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळाची फुप्फुसं अपुरी असतात, तिथूनच धोका सुरू होतो. मग आईचं खाणं, दोन बाळंतपणांतलं अंतर, एका खोलीत पाच माणसं आणि त्यांतल्या कुणाची तरी सर्दी, चुकलेली लस, थंडी. उशीर तर असतोच: आधी आजार ओळखायला उशीर, मग निघायला, मग पोचायला. यांतलं एखादं असलं तर मूल बहुतेक वेळा निभावतं. तीन-चार एकत्र आली की निभावत नाही. परीच्या बाबतीत किती होती ते तू मोजलंच असशील. अंगावरचं दूध तेवढं तिच्या बाजूने होतं.

आणि धूर. ताई, आम्ही 'धूर' म्हणतो तेव्हा चूल, बिडी, डासांची कॉइल, सगळं त्यात धरतो. दार लावून, फटीत गोणपाट घालून दिलेली कोळशाची धुरी त्यात येते. नुसती येत नाही, वरच्या ओळीत येते.

तुझं दहा नोव्हेंबरचं पत्र मी काल पुन्हा काढलं. त्यात सगळं होतं. शेगडी होती, लावलेलं दार होतं, वजनसुद्धा होतं. मी ते वाचलं आणि तुला उत्तरात काय लिहिलं, तर शेगडीला नमस्कार सांग. इथे एखाद्या झोपडीत शिरलो आणि अशी शेगडी दिसली तर मी ती स्वतः उचलून बाहेर ठेवतो. गेल्या पावसाळ्यात एका आजीशी त्यावरून भांडलोसुद्धा. पण तुझं पत्र मी डॉक्टर म्हणून वाचलंच नाही. आईचा धाकटा म्हणून वाचलं. लहानपणी दर हिवाळ्यात माझी छाती वाजायची, ते आपल्या घरात सगळे कफ सुटतोय म्हणून साजरं करायचे, हे मला डॉक्टर होऊन पंचवीस वर्षांनी काल सुचलं.

धुराने परी गेली असं कुणीही सांगू शकणार नाही. मीही सांगणार नाही. धोका वाढतो एवढंच आम्हाला म्हणता येतं. रूपाला तू काही बोलू नकोस. तिने स्वतःच्या हातांनी तिला धुरावर धरलं आहे, आत्ता ते ऐकून ती उभी राहायची नाही.

दोष वाटायचाच तर निम्मा इकडे पाठव.
विद्याधर


पनवेल,
१२ जानेवारी २०२५

चि. विद्याधरास,
अ. उ. आ. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस शाळेत गेले नाही. मुलांना वाटलं बाई आजारी आहेत, त्यांनी आनंद शक्य तितका लपवला.

एम. ए.ला आम्हाला न्यायशास्त्रातलं एक गाढव होतं. कुंभार मडकं घडवतो, माती गाढवाच्या पाठीवरून येते. मग गाढव हे मडक्याचं कारण आहे का? शास्त्र म्हणतं, नाही. माती बैलावरून आली असती तरी मडकं झालंच असतं. आमचे गुरुजी हे इतक्या गंभीरपणे शिकवायचे की आम्ही बाकाखाली तोंड घालून हसायचो. गेले आठ दिवस मी त्या गाढवाच्या जागी स्वतःला उभं करून बघते आहे. वजन कमीच होतं, लस चुकलीच होती, नाका अडलेलाच होता. माझ्यावाचूनही मडकं झालं असतं का? युक्तिवाद चांगला जमतो. फक्त त्या शास्त्रात गाढवाने दाराखालच्या फटीत गोणपाट घातल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

आणि एक तू लिहिलं नाहीस, बहुधा माझ्यावर माया म्हणून. मला सांगितलं होतं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. नातवाच्या खोलीतून शेगडी बाहेर गेली तेव्हा मी रुसले, पण ती आत आणली नाही. मग तीच घेऊन वाडीवर गेले. तिथे मला अडवणारं कुणी नव्हतं. मी बाई होते ना.

माधुरीकडे जाऊन म्हटलं, अहवालात मी चुकीचं लिहिलंय, धूर होता. ती म्हणाली, बाई, तो वर गेला, आणि रकान्यात चूल विचारतात, शेगडीसाठी जागा कुठं हाय? शेवटी माझ्या समाधानासाठी तिने एका कागदावर लिहून घेतलं आणि फायलीत लावलं. प्लास्टर निघालंय, अक्षर तिचंच होतं.

परवा रूपा कामावर आली. मी नको म्हणत होते, ती म्हणाली घरात बसून काय करू. पिशवीतून तिने शेगडी काढली. राखेने, चिंचेने घासून अशी लख्ख केलेली की आईच्या हातीसुद्धा ती इतकी स्वच्छ नसेल. म्हणाली, बाई, जपून ठेवा, मार्चमध्ये रोशनीला लागंल. परीसाठी तुमी जेवढं केलं तेवढं आमच्यात कोनाच्या पोरीचं झालं नव्हतं, तेवढं एक मनाला बरं वाटतं.

मी 'बरं' म्हटलं. शेगडी माळ्यावर ठेवली. 

तेवढं एकच तिच्या मनाला बरं वाटतं आहे, विद्याधर. ते मी कसं काढून घेऊ?

उत्तर लवकर धाड.
ताई


धारणी,
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मी सांगू नकोस म्हटलं होतं, ते मागे घेतो. तेव्हा मला रोशनीचं सुचलं नव्हतं.

शेगडी मोडली, हरवली, असं काही सांगशील तर उपयोग नाही. धुरीला शेगडीच लागते असं थोडंच आहे? रोशनी शिकली आहे, ती मातीच्या खापरात देईल. तिला कारणच कळायला हवं, आणि कारण सांगितलं की रूपाला कळणारच. दुसरी वाट मला दिसत नाही, मी पुष्कळ शोधली.

रजा टाकून मी येतो. माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो, माझ्या तोंडून ते नुसतं आजाराबद्दलचं बोलणं वाटेल. तू शेजारी बस, बोलू नकोस.

पायांवर डोकं.
विद्याधर


पनवेल,
२ फेब्रुवारी २०२५

चि. विद्याधरास,
अ. उ. आ. तू येऊ नकोस. तुझ्या तोंडून ते आजाराबद्दलचं वाटेल म्हणतोस, म्हणूनच नको. शेगडी मी दिली होती.

काल शनिवार, शाळा सकाळची. रूपाची भांडी झाली तेव्हा तिला ओट्याशेजारच्या पाटावर बसवलं आणि मीही खाली बसले. संधी-समास शिकवताना मी पाच-पाच उदाहरणं देते, काल एकही सुचलं नाही. म्हटलं, रूपा, रोशनीच्या बाळाला धुरी द्यायची नाही. कोळशाचा धूर बंद खोलीत लहान बाळाच्या छातीला वाईट असतो. परीलाही तो वाईट झाला असणार. नुसत्या त्यानेच ती गेली असं नाही, पण त्याचाही वाटा आहे. आणि ती द्यायला मी सांगितलं.

ती बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत होती. घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. मग म्हणाली, "ती खोकायची तवा मी तिला आनखी जवळ धरायची, बाई. तुमी म्हनला व्हता, कफ सुटतो."

मी म्हटलं नव्हतं खरं तर. किंवा म्हटलं असेन. आई म्हणायची, त्यामुळे मी कधी म्हटलं ते मलाही कळलं नसणार.

मग तिने वर बघितलं आणि विचारलं, "इराताईंच्या पोराला दिली व्हती का?"

विद्याधर, मी चौतीस वर्षं मुलांना प्रश्न विचारते आहे. इतका सरळ प्रश्न मी कुणाला विचारला नाही. नाही म्हणून सांगितलं. का नाही तेही सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तुमाला म्हायत व्हतं. मी हो म्हटलं. मला माहीत होतं पण पटलं नव्हतं, असं एक वाक्य माझ्याजवळ तयार होतं. ते मी बोलले नाही.

तिने फडकं घडी घालून ओट्यावर ठेवलं, चपला घातल्या, गेली. आज आली नाही. उद्याही येणार नाही, हे मला फडक्याच्या घडीवरून कळतंय. चारही कोपरे जुळवून घातली आहे, दुसऱ्याच्या घरची वस्तू ठेवावी तशी.

तू म्हणालास, ती उभी राहायची नाही. ती उभी राहिली. मी अजून त्या पाटाशेजारी बसून लिहिते आहे.

माया असावी, लायकी बघून नव्हे.
ताई


पनवेल,
२३ मार्च २०२५

चि. विद्याधरास,
अ. उ. आ. इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असशील. तुझी तीन आली. लिहिण्यासारखं काही नव्हतं. भांडी मीच घासते, कढईचं बूड मला अजून साधलेलं नाही.

रोशनीला बारा तारखेला मुलगा झाला, दिवस भरून, दोन किलो सातशे. हे मला माधुरीकडून कळलं. काल धीर करून वाडीवर गेले. हातात काहीही नेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा बाळंतिणीकडे रिकाम्या हाताने गेले.

रोशनी रूपाच्याच खोलीत आहे. खोलीला आता दोन खिडक्या आहेत. भरतने ग्राइंडर आणून समोरासमोरचे दोन पत्रे कापले, चौकोन जरा वाकडे आले आहेत, कडांवर सायकलची ट्यूब बसवली आहे, कुणाचा हात कापू नये म्हणून. दार सताड उघडं. उंबऱ्यात रूपा बसली होती. माझ्यासमोर एक म्हातारा नातेवाईक बिडी ओढत आला, तिने त्याला अंगणाच्या पार टोकाला, चुलीपलीकडे बसवला. तो कुरकुरला, तशी म्हणाली, पोराला बघायचं हाय ना मामा, मग बिडी संपवा, तोंड धुवा, मंग या. मंगळी मला बघून आत गेली.

मी अंगणातच थांबले. रूपाने या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ऊन होतं. किती वेळ गेला ते मी मुद्दाम बघितलं नाही. मग ती उठून माझ्यापर्यंत आली आणि माझ्या मनगटाकडे बघून म्हणाली, "त्यो पळतो काटा, त्याचा एक फेरा म्हंजे मिनिट ना?"

मी हो म्हटलं. डिसेंबरात आणते म्हणाले होते ते घड्याळ, आठवतं तुला? मी ते कधी नेलंच नाही. चिंचोके नीट मोजले गेले होते रे, मिनिटच नव्हतं त्यांच्याकडे. तुझ्या यादीत ते कुठे बसतं, मला माहीत नाही.

मी घड्याळ काढून तिच्या हातावर ठेवलं. तुझ्या भावजींनी दिलेलं ते, पट्टा दोनदा बदललेला. ती ते घेऊन आत गेली. दार उघडं होतं, खिडक्याही उघड्या, त्यामुळे अंगणातून मला सगळं दिसत होतं. बाळ रोशनीच्या छातीवर झोपलं होतं. रूपा गुडघ्यांवर बसली, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हाताने बाळाच्या पोटावरचं फडकं जरा वर केलं. ओठ हलत होते. काटा एक फेरा फिरेपर्यंत मीही, बाहेर, तिच्याबरोबर मोजत होते. इतक्या लांबून बाळाचं पोट कुठलं दिसतंय, मी तिचे ओठ मोजत होते.

"शेचाळीस," ती म्हणाली. मला नव्हे, रोशनीला.

मग मी घरी आले. वाटेत दोनदा मनगटाकडे बघितलं, तिथे फक्त पट्ट्याचा पांढरा वण आहे.

शेगडी माळ्यावर आहे. टाकून दे असं तू सांगशील, सांगू नकोस. ती घरातून गेली तर मी पुन्हा एखाद्या घरी शहाणपण शिकवायला जाईन, माझा मला भरवसा नाही.

श्वास मोजायला तू शिकवलंस, तेवढं कामी आलं. तुझी छाती कशी आहे? खरं लिही, या खेपेला खोटं चालणार नाही.

लोभ ठेव, आणि दार उघडं ठेव.
तुझी,
ताई